बटणांचा डबा

सभागृहात पाहुणे येऊन बसले तरी सरांचं वर्तुळं-रेषांनी विणलेलं संकल्पनांचं जाळं वेबसाइटवर उमटेना. सरांची जुनी विद्यार्थिनी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला बसली. एकच संकल्पना दोनदा नोंदवली गेली होती आणि रेषा त्या दोन वर्तुळांतच घुटमळत होत्या. पहिली नोंद तिच्या प्रबंधातली, दुसरी गेल्या महिन्यातली, सरांच्या नावावर. उदाहरणसुद्धा जसंच्या तसं: आईचा बटणांचा डबा. "जुनी उडव," पाठीमागून सर म्हणाले. तिच्या नेमणुकीच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. तिने उडवली. पडदाभर जाळं पसरलं. "सर, हे सुचलं कसं?" कुणीतरी विचारलं. "आमच्या आईच्या बटणांच्या डब्यावरून! एक शोधायला जावं, तर दहा भलतीच हाती लागतात. आठवणींचंही तसंच." सभागृह दणाणलं. तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवणारी तिची आई थांबली, लेकीकडे बघू लागली. लेक उगाचच कीबोर्डवर वाकली.