एकदाच टोचायचं

‘येत्या वर्षासाठी माझी वैयक्तिक उद्दिष्टे’ असं फॉर्मवर छापलं होतं, आणि खालच्या चारही ओळी रक्ततपासणी विभागाच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी, आधीच पेन्सिलीने भरून ठेवल्या होत्या. त्यावर पेन फिरवायचं आणि सही ठोकायची, एवढंच काम उरलं होतं. ‘वैयक्तिक’ या शब्दाची इतकी काळजी आजवर कोणी घेतली नसेल.

फॉर्म जिच्यासाठी होता, तिला अख्खं रुग्णालय डासताई म्हणायचं. बारा वर्षं लोकांचं रक्त काढणाऱ्या बाईला दुसरं काय नाव मिळणार? दुपारचे शेवटचे पेशंट म्हणून समोर एक म्हातारे शिंपी बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांवर काळेनिळे डाग पडले होते. काल दुसऱ्या टेबलावर चार वेळा टोचूनही रक्त मिळालं नव्हतं.

“सुईला मी घाबरत नाही हो ताई, जन्म तिच्याबरोबर गेला,” ते म्हणाले. “पण कापडालासुद्धा आम्ही एका जागी चार भोकं पाडत नाही.”

डासताईने हसून त्यांच्या हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. मग भिंतीकडे बघत नुसत्या बोटाने चाचपायला लागली. डोळ्याला दिसते ती शीर फसवते, बोटाला लागते ती खरी, हे तिला मोठ्या बाईंनीच शिकवलं होतं. त्या आता दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या.

“टाका सरळ पडला,” म्हणत शिंपीबुवा कापूस दाबून निघून गेले.

“सहा मिनिटं,” मोठ्या बाई आत येत म्हणाल्या. “एवढ्यात तिघं झाले असते.”

“झाले असते. आणि टोचून झालं असतं नऊ वेळा.”

“वाद घालू नकोस. सही केलीस का? तुझ्यासाठी वर किती डोकं आपटलंय मी, माहितेय? तासाला तीस नमुने, पर्यवेक्षकाची परीक्षा, आणि सहा महिन्यांत माझ्या शेजारची खिडकीवाली खोली. मग सुईला हातसुद्धा लावायला नको!”

मोठ्या बाई मनापासून बोलत होत्या, आणि डासताईला खोली नको होती असंही नाही. एकदा कोणी नसताना ती तिथल्या फिरत्या खुर्चीत बसून दोन गिरक्या मारून आली होती. पण सुईला हात लावायचा नाही, म्हणजे मग दिवसभर करायचं काय, हे तिला दोन दिवस उमगत नव्हतं.

तिने खोडरबर घेतलं आणि चारही ओळी पुसून काढल्या. फुंकर मारली. मग पेनने एकच ओळ लिहिली. ‘माझ्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही या वर्षी दुसऱ्यांदा टोचायचं नाही.’

“याला उद्दिष्ट म्हणतात?”

“मला अजून जमलेलं नाही, म्हणून म्हणते. गेल्या वर्षी सदतीस जणांना दोनदा टोचलं मी. काहींचे चेहरेसुद्धा आठवतात.”

“वर हसतील लोक. ती जागा पलीकडच्या टेबलावरच्या पोरीला जाईल. काल आलेली पोरगी उद्या तुला सांगेल, आटपा लवकर!”

“सांगू दे.”

डासताई बोलून तर गेली. खोली हातची गेली होती आणि तिला वाईट वाटलंच. तरी त्या वाईट वाटण्यात एक सुखही होतं, चावरी चप्पल काढून ठेवल्यावर वाटतं तसं.

“घरी तरी विचारलंस का?”

“विचारलं ना. नवरा म्हणाला, खिडकीत बसून वैतागणार तू, आणि निस्तरायचं मी.”

मोठ्या बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. फॉर्म दोनदा वाचला आणि खाली आपली सही केली, जरा जोरातच. तरी त्या गेल्या नाहीत. पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि बाही वर सारली.

“माझी तपासणी तीन महिने राहिलीय. बाईंचा हात म्हटला की सगळ्यांना घाम फुटतो, आणि माझ्या शिरा म्हणजे उधार मागितल्यावर नातेवाईक गायब होतात तशा. मागच्या वेळी पाच वेळा टोचलं होतं.” मग त्यांनी डोळे बारीक केले. “बघू, तुझं वर्ष किती मिनिटं टिकतंय.”

डासताईने त्यांचा हात पुढ्यात घेतला. हात गोरा, गुबगुबीत, आणि शिरेचा कुठे पत्ता नाही. तिने पट्टा बांधला, बोट फिरवलं. काही लागेना. दुसरा हात बघितला, मग पुन्हा पहिला. सहा मिनिटं केव्हाच होऊन गेली, पण घड्याळाकडे कोणीही बघत नव्हतं. शेवटी कोपराच्या बाहेरच्या अंगाला, खूप खोल, काहीतरी बोटाखाली दबलं आणि पुन्हा वर आलं. तिने तिथून बोट हलवलं नाही.

मोठ्या बाईंनी डोळे घट्ट मिटले, दातओठ आवळले आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची कड धरून ठेवली.

“बघत काय बसलीस? टोच एकदाची!”

डासताईने पट्टा सोडला. नळी अर्धी भरली होती.