इडियट म्हणजे

गच्चीवर खुर्च्या ओढल्याचा आवाज आला तसे दौलत तिसऱ्यांदा उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. इमारतीची मीटिंग सहाला होती. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पप्पा, बसा ना एका जागी. नाहीतर जाऊन तरी या वर," दीपमाला म्हणाली. ती दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरात इंग्रजी शिकवायची. उद्याच्या क्लाससाठी ग्रीकमधून आलेल्या शब्दांची यादी लॅपटॉपवर उतरवत बसली होती.

"मी कधी गेलोय का? आपल्याला काय करायचं त्यांच्या भानगडीत."

भानगड सकाळीच दाराखालून घरात सरकली होती. इंग्रजीत टाईप केलेला कागद. घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही, लोकांना वास येतो. वॉचमन पहाटेपासूनच बायकांना अडवत होता; मंजुरी तेवढी संध्याकाळी घ्यायची होती.

पाचव्या मजल्यावरच्या दोन घरची भांडी यादम्मा घासायची. साठीला आलेली बाई. दूध आणायला जिना उतरताना दौलतना ती तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली दिसली होती, गुडघा दोन्ही हातांनी धरून. "नमस्ते सार," म्हणत तिनं अंग चोरलं आणि वाट करून दिली. ते त्या वाटेनं खाली उतरून गेले होते.

"हे बघा," दीपमाला म्हणाली. "इडियट. हा कुठून आला माहितीय? ग्रीकमध्ये ईडिओस म्हणजे स्वतःचं, खासगी. त्यावरून इडिओटेस. गावाच्या कारभारात नसलेला, आपल्यापुरता राहणारा माणूस. शिवी नव्हती ती आधी."

"शिवी नव्हती?"

"नाही ना. साधा घरगुती माणूस. मूर्ख हा अर्थ मागाहून आला."

"मग शिवी कशी झाली?"

"ते माझ्या नोट्समध्ये नाही, पप्पा," ती हसली. "होतात हळूहळू."

दौलत बसले. लगेच उठले. सिकंदराबादच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं साहेब लोक हा शब्द येताजाता फेकायचे. त्यांनी तो कधी मनाला लावून घेतला नव्हता. आज मुलीनं शिवी नाही म्हणून सांगितला आणि तो आत कुठंतरी टोचत राहिला. त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला.

"बोलणार आहात तुम्ही?" दीपमालाचं हसू गेलं. "उगं प्रॉब्लेम नको हां. चांगलं राहायलोय आपण इथं."

ते बटणं लावत बाहेर पडले.

पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध वीसेक जण बसले होते. "दौलत साब! आप तो कब्बी आते नै," कुणीतरी म्हणालं. सेक्रेटरी प्रतापराव त्यांना बघून मराठीत आले. "बरं झालं आलात. चर्चा संपलीय. फक्त हात वर करायचा."

हात वर झाले. दौलतनी आपले पाठीमागे धरून ठेवले.

"कुणाचा विरोध?" प्रतापराव रजिस्टर मिटता मिटता म्हणाले.

दौलतनी हात वर केला. तो खांद्याच्या वर जाईना.

"तुमच्याकडं तर कामाला बाईच नाही," प्रतापराव म्हणाले. "तुम्हाला काय त्रास?"

"मला नाही. यादम्माला आहे. तिचे गुडघे गेलेत. आणि वासाचं म्हणाल, तर ती भांडी आपल्याच घरची असतात."

कुणी हसलं, कुणी मोबाईल बघू लागलं. पुढच्या खुर्चीवरच्या इंदुताईंनी वर केलेला हात खाली घेतला, नवऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वर केला. ठराव पास झाला. एकोणीस विरुद्ध एक.

"विरोध करणाऱ्याचं नाव रजिस्टरला लिहावं लागतं," प्रतापराव हळू आवाजात म्हणाले. "पण जाऊ द्या. तुमचं नाही लिहीत. कशाला उगाच."

"लिहा."

"दौलत साब. एवढंच लिहू?"

सात वर्षं या इमारतीत ते नुसते दौलत साब होते. दारावर पाटी नव्हती. एकदा लिफ्टमध्ये याच प्रतापरावांनी "तुम्ही नेमके कुठले?" असं विचारलं होतं, तेव्हा "नांदेडकडचे" एवढंच सांगून ते आपला मजला यायची वाट बघत उभे राहिले होते.

"पूर्ण लिहा. दौलत निवृत्ती सोनकांबळे."

प्रतापरावांचं पेन 'निवृत्ती'वर थांबलं. त्यांनी मान वर केली.

"सोनकांबळे," दौलत पुन्हा म्हणाले, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि ती अक्षरं कागदावर उतरेपर्यंत टेबलाजवळून हलले नाहीत.