मधल्या घरचा डबा

"दोघांनाही बोलावलंस? एकाच वेळी?" सलिलने चिरायला घेतलेली काकडी खाली ठेवली.

"हो."

"आणि दुसरा येतोय हे दोघांनाही माहीत नाही."

"नाही."

"मग ताई, तुझ्या हॉस्पिटलला फोन करून एक ॲम्ब्युलन्स सांगून ठेव."

यामिनीला हसू आलं, पण हात पुन्हा ताटांकडे गेले. सकाळपासून असंच चाललं होतं. टेबलावरची ताटं तिने मांडली, उचलली, पुन्हा मांडली. बाबांना जाऊन आज वर्ष झालं. विधी वगैरे काही नव्हते. फक्त एक जेवण, तेही बाबांनीच सांगून ठेवलेलं. सलिल त्यासाठी डार्विनहून आला होता.

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या या उतारावरच्या गल्लीत त्यांचं घर मधलं. डावीकडे रिस्तोराव, उजवीकडे ड्रितावहिनी. नावांपुढचे 'राव' आणि 'वहिनी' बाबांनी जोडलेले. दोघंही मूळचे मॅसिडोनियातल्या एकाच गावचे. ते मॅसिडोनियन, त्या अल्बेनियन. युगोस्लाव्हिया मोडला, आणि काही वर्षांनी शाळा कुठल्या भाषेत, कचेरीवर झेंडा कुणाचा, असली भांडणं त्या गावात बंदुकांपर्यंत गेली. रिस्तोरावांच्या भावाचं घर जळलं. ड्रितावहिनींचा भाचा घरी परतला नाही. तोवर हे दोघं पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यामागे आपापले संसार थाटून बसले होते, पण तेव्हापासून इथेही दोघांत शब्द बंद झाला. ते गावाला टेटोवो म्हणायचे, त्या टेटोवा. नवा माणूस गल्लीत आला की त्याने आधी कुठलं नाव उच्चारलं यावर त्याचे शेजारी ठरायचे.

आई गेल्यावर बाबा यामिनीकडे राहायला आले. पहिल्याच आठवड्यात रिस्तोरावांनी मातीच्या भांड्यात भाजलेला घेवडा कुंपणावरून दिला. आता शेजारचं भांडं रिकामं परत कसं करायचं? आईने जन्मात कधी केलं नव्हतं. पण बाबांना चहापलीकडे काही येत नव्हतं आणि यामिनी शिफ्टला. तेवढ्यात उजवीकडून ड्रितावहिनींची फ्लिया आली, आंबोळीवर आंबोळी रचून भाजल्यासारखी. बाबांनी ती डावीकडे पोचवली. "आमच्याकडचं थरांचं धिरडं." घेवडा उजवीकडे गेला. "आमची उसळ."

मग ते वर्षानुवर्षं चालूच राहिलं. पुढे पुढे तर बाबा आपला स्टीलचा डबाच रिस्तोरावांकडे भरायला ठेवायचे. वहिनींना डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हा बाबा डावीकडे जाऊन म्हणाले, "माझं प्रेशर वाढलंय, मीठ नको." बाबांचं प्रेशर जन्मभर कमी. पण पुढच्या खेपेपासून घेवडा अळणी आला.

शेवटच्या आजारात त्यांनी हे यामिनीला सांगितलं आणि ठसका लागेपर्यंत हसले. "आपण कुणाच्या हातचं खाल्लं हे कळलं ना, तर दोघंही माझ्या डोक्यात डबा घालतील. पण एकदा एका टेबलावर बसव त्यांना. मी गेल्यावर बसव." बाबा गेले. त्यांच्या वस्तू आवरताना स्टीलचा डबा मात्र कुठे सापडला नाही.

बेल वाजली. रिस्तोराव दारात उभे होते, सूट-टाय घालून. दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटीला कापलं होतं. एका हातात मातीचं भांडं, दुसऱ्यात कापडी पिशवी. सलिलने पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"ही राहू दे माझ्याजवळ, मेट," ते म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत टेबलाशी जाऊन बसले.

यामिनीने त्यांच्या हातचं भांडं आत नेऊन घेवडा आईच्या पातेल्यात ओतला, वर कोथिंबीर पेरली. झाली उसळ. मागच्या दारावर टकटक झाली. ड्रितावहिनी नेहमी मागूनच येत, डावीकडच्या ओट्यावरून दिसू नये म्हणून. त्यांच्या हातून फ्लिया घेऊन यामिनीने चतकोर कापले, शेजारी पुदिन्याची चटणी वाढली. झालं धिरडं.

"आणखी कोण आहे?" वहिनींनी विचारलं.

"घरचेच."

वहिनी बाहेर आल्या. खुर्ची करकरली. रिस्तोराव उभे राहिले होते. सलिल हातातल्या रुमालाला घडीवर घडी घालत राहिला. कुणी दाराकडे वळलं नाही. वहिनींनी सगळ्यात लांबची खुर्ची ओढली आणि बसल्या. मग रिस्तोराव बसले.

बसले. बाबा, बसले दोघं. यामिनीला ओरडून सांगावंसं वाटलं. तिने भराभर वाढलं आणि स्वतःच्या ताटाकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

वहिनींनी उसळीचा चमचा तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या. रिस्तोराव धिरड्याचा एकेक थर बोटाने उलगडून बघत होते.

कळलं. आता उठतील. बाबांचं नाव घेऊन उठतील. त्याआधी आपणच बोललेलं बरं.

"मला एक सांगायचंय," ती घाईने म्हणाली. "बाबांना स्वयंपाक येत नव्हता. इतकी वर्षं ते जे डबे—"

वहिनींनी हात वर केला. त्या रिस्तोरावांकडे सरळ बघत होत्या.

"मीठ घातलंस," त्या म्हणाल्या.

"पोरं जेवणार होती," रिस्तोराव म्हणाले. त्यांनी खुर्चीखालच्या पिशवीतून बाबांचा स्टीलचा डबा काढला आणि टेबलावरून वहिनींकडे सरकवला. "तुझं अळणी यात आहे."