गाऱ्हाण्याची केबल

"ही केबल म्हणजे सुतळी. सुतळीन ट्रॉलर ओढतत काय रे?" देवस्थान कमिटीचे अध्यक्ष गणपतकाका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरताच कॉनरॅडवर डाफरले.

कॉनरॅडच्या टेबलावर नर्मदाची हार्ड डिस्क कटकट वाजत होती. आचके देत होती. तिच्यात नर्मदाच्या वडिलांचं, दाजींचं, गाऱ्हाणं होतं. दाजी वारले आणि गावाला घाम फुटला. उद्या जत्रा. गावाच्या वतीने देवाला साकडं घालणारं गाऱ्हाणं म्हणणार कोण? सगळी हयात गाव दाजींच्या मागे हात जोडून उभं राहिलं आणि प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणत आलं. मधले शब्द एकाही शहाण्याने ऐकले नव्हते. नर्मदाने तेवढा व्हिडिओ करून ठेवला होता.

कॉपी चालू होती, पण गोगलगायीसारखी. मग काय, दुकानात अख्खं गाव तज्ज्ञ झालं. बांगड्याच्या भावावर बोलावं तशी माणसं डेटावर बोलू लागली. कुणी म्हणालं, केबल आखूड हवी, लांब पल्ल्यात डेटा दमतो. कुणी म्हणालं, वेटोळं सोडवा, वळणावर अडकत असेल. ज्याने आयुष्यात पेन ड्राइव्ह हातात धरला नाही, त्याचा आवाज सगळ्यात मोठा.

कॉनरॅडने समजावलं. केबल भिकार असती तर बदलून फरक पडला असता. ही चांगली आहे. डिस्कच थकली आहे, आणि एकदा थांबली तर परत उठणार नाही. "म्हाताऱ्याक हायवेवर सोडलात म्हणान तो धावतलो काय, काका?"

म्हातारा हा शब्द गणपतकाकांना झोंबला. त्यांनी भिंतीवरची सगळ्यात जाड केबल ओढून काढली. आता सिद्धच करून दाखवतो, म्हणाले.

नर्मदा आडवी आली. "काका, हात लाव नको. बाबा आत आसत."

काकांनी चालू केबल उपटली. जाड केबल खुपसली.

कटकट थांबली. कॉनरॅडने जुनी केबल लावून पाहिली, डिस्क कानाशी धरून पाहिली. काही नाही. अर्धवट उतरलेला व्हिडिओ उघडेना. नर्मदा भिंतीला टेकून खाली बसली.

गणपतकाकांनी मात्र छाती पुढे काढली. "बघितलात? केबलीन फरक पडता."

सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"व्हय महाराजा."