कठड्याचा रकाना

बालअपघातांच्या संशोधनासाठी पुण्याहून आलेली स्नेहल भोरजवळच्या वाडीत वनिताबाईंसमोर बसली होती. बाईंची नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवरच्या विहिरीत पडून दगावली होती. स्नेहलने फॉर्ममधला प्रश्न वाचला, "तेव्हा मुलीकडे कोणाचं लक्ष होतं?" बाईंचा आवाज चढला. "मी भातलावणीला गेलते. पण विहिरीचा कठडा दोन वर्सांपास्नं ढासळलाय, आमी पंचायतीला चारदा सांगितलं, कुणी फिरकलं न्हाई. त्ये कुठं लिवताय तुमी?" स्नेहलने पानं उलटून पाहिली. कारणांत मुलाचा खोडकरपणा होता, आईचं दुर्लक्ष होतं, कठडा कुठंच नव्हता. तिच्या डोक्यात सणक गेली. तिने दोन्ही कारणं खोडली आणि समासात लिहिलं, 'विहिरीला कठडा नाही.' संध्याकाळी प्रकल्पाचे सर फोनवर वैतागले, "असं उत्तर फॉर्ममध्ये बसत नाही." "मग फॉर्म बदला, सर. मी त्या आईवर खापर फोडणार नाही."