पिवळ्या फरशीवरची रांगोळी

जन्मांध कुंदाताईंनी चपला काढल्या आणि फुटपाथवर अंधांसाठी बसवलेल्या नव्या पिवळ्या, उठावाच्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवलं. लांब रेघा लागल्या की चालायचं, ठिपके लागले की थांबायचं, पुढं रस्ता आहे. तळव्यांना एवढं बोलणं पुरतं. इथं मात्र एक फरशी रेघांची, एक ठिपक्यांची. एक म्हणे चल गं, एक म्हणे थांब गं.

"मुद्दाम आलटूनपालटून बसवून घेतल्या," उद्घाटनाला आलेले इंजिनिअर साहेब खुशीत म्हणाले. "रांगोळीसारखं दिसतंय की नाही, ताई?"

"कुणाला दिसायला, साहेब?" कुंदाताईंनी विचारलं. याच रांगोळीवर काल त्यांची अंध मैत्रीण शकू फसली, न थांबता रस्त्यात उतरली आणि रिक्षाखाली येऊन पाय मोडून बसली.

त्यांनी उद्घाटनाची लाल फीत ओढून घेतली. फोटोसाठी असेल म्हणून साहेब हसत वाकले, तशी कुंदाताईंनी तिची त्यांच्या डोळ्यांवर करकचून गाठ मारली. "आता बूट काढा, आणि रस्ता कुठं लागतो ते सांगा."

साहेबांच्या चौथ्या अनवाणी पावलाला हॉर्न कानाशी वाजला. साहेबांनी चाचपडत कुंदाताईंचा हात घट्ट धरला.

"हात सोडा," त्या म्हणाल्या. "शकूला काल कुणी दिला होता?"