रागाचा पट्टा

मंगळवारी दुपारी मनोरुग्णालयातून फोन आला, की गोविंद खरात या रुग्णाने हल्ला केला आणि शैला सिस्टर गेल्या. दत्ताराम धावत पोचला. बायकोच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

"मग हल्ला कुठला?"

मेट्रन लोबोबाईंनी खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. शैला कोसळली, तसा गोविंद दार बडवत ओरडला, "अहो, सिस्टर पडल्या! कुणीतरी या!" त्याच्या मनगटावरचा राग मोजणारा पट्टा लाल झाला आणि यंत्राने 'हल्ला' अशी नोंद केली. दाराला आपोआप कुलूप लागलं, पट्ट्यातून गुंगीचं औषध टोचलं गेलं. वीस मिनिटं कुणी आत गेलं नाही.

"लाल असताना आत जायचं नाही, असा नियम आहे, भाऊ."

"नियम गेला चुलीत! तो काय ओरडतोय, ते ऐकायला कान नव्हते तुम्हाला? शैला आधी विचारायची, 'काय झालं रे?' पट्टा नंतर बघायची."

लोबोबाईंनी मान खाली घातली. "आम्ही पट्टाच बघितला."

"मग तसं लिहा."

"यंत्राची नोंद आम्हाला बदलता येत नाही."

शैलाचं दिवसकार्य उरकून दीड महिना झाला. दत्ताराम रोज नोंद बदलण्याचा अर्ज घेऊन जातो. गोविंद अजून एकट्या खोलीत कोंडलेला आहे, आणि त्याच्या नावापुढचं 'हल्लेखोर' कुणी खोडलेलं नाही.